ठोकळ्यातून ठोकळा

अहो, परवा शाळेत तुमची शोकसभा झाली आणि सगळ्यांनी तुम्हाला शांत म्हटलं. मुख्याध्यापक म्हणाले, कांबळे सरांसारखा शांत माणूस उभ्या आष्ट्यात सापडायचा नाही. पाटील सर म्हणाले, गणित शिकवूनही ज्याचा आवाज कधी चढला नाही असा हा एकच मास्तर. मी पहिल्या रांगेत बसले होते. मला हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला, तर लोकांना वाटलं मी रडतेय. शेजारच्या दोघीतिघींनी पाठीवरून हात फिरवला.

शांत म्हणे. मुळा आतून पोकळ निघाला, त्याचा घन नीट कापता आला नाही, म्हणून भर बाजारात भाजीवाल्याशी भांडून आलेला माणूस तुम्ही. माझ्याशी तर रोज भांडायचात. शांत होता तो शाळेतला कांबळे सर. घरात जो राहायचा तो वेगळा होता, आणि त्याच्याबद्दल सभेत कुणी चकार शब्द काढला नाही.

पुढे मुख्याध्यापक म्हणाले, "सरांचं आयुष्य त्यांच्या भूमितीसारखंच होतं. नको ते छाटायचं, हवा तेवढा आकार ठेवायचा." लोकांना इतकं आवडलं की दोघांनी टाळ्याच वाजवल्या आणि मग ओशाळून हात खाली घेतले. मी मनात म्हटलं, काय काय छाटलं ते मला विचारा. दुपारचं जेवण छाटलं. सुट्टीचे दिवस छाटले. डॉक्टर छाटला. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी नुसती मान हलवली. माझ्याकडे शब्द बरेच होते, पण ते त्या लोकांसाठी नव्हते. तुमच्यासाठी होते, म्हणून इथे लिहिते. आणि आधीच सांगते, मी तुमच्यावर रागावलेली आहे.

लग्न होऊन आष्ट्यात आले त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट. मी धुणं भिजवलं आणि साबणाचा बार शोधायला लागले. तो तुमच्याकडे होता. विळीवर त्याचा चौरस ठोकळा कापून तुम्ही त्याचे चार कोपरे उडवत बसला होतात. एक कोपरा सोडून दुसरा, असे चार. आत चार तोंडांचा एक टोकदार आकार उरला. तो हातावर घेऊन तुम्ही मला म्हणालात, "आगं, आत हे हुतंच की. आपून फकस्त वरचं काढलं." मला नवऱ्याशी बोलायची अजून सवय नव्हती, पण साबण वाया गेलेला दिसत होता. तुम्ही विचारलंत, "सांग, आत उरलं ते जास्त का कापलेलं जास्त?" मी म्हटलं, आतलं, दिसतंयच की. तर तुम्ही चपला घालून समोरच्या दुकानात गेलात आणि तराजूत घालून आणलंत. कापलेले कोपरे आतल्या आकाराच्या बरोब्बर दुप्पट भरले होते. "चुकलीस," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "आणि आता ह्या चुऱ्यानं धुणं कोण धुणार?" आपल्या संसाराची सुरुवात ही अशी झाली.

मग रताळी आली, सुरण आला, लाल भोपळा आला. बाजारातून आणलेली कुठलीही भरीव वस्तू आधी तुमच्या हाताखालून जायची आणि मग माझ्या चुलीवर यायची. आपल्या घरातल्या भाजीच्या फोडी कधी एकसारख्या नसायच्या. कशातून गोल काढलेला, कशातून शंकू, आणि उरलेलं ते फोडणीला. एकदा सांगलीच्या बाजारातून गुळाची ढेप आणलीत आणि तिच्यातून मावेल तेवढा मोठा घन काढायला बसलात. नेमक्या तुमच्या आक्का त्या दिवशी आल्या. त्यांनी परातीत पडलेला गुळाचा भुगा बघितला, मग तुमच्याकडे बघितलं, आणि मला म्हणाल्या, "ल्हानपणी बी आसंच. खडूचं मनोरं करायचा. तवा बा मारायचा, आता तू मार." तुम्ही हसत राहिलात. पुढे महिनाभर चहाला त्या भुग्याचाच गूळ होता.

मला तुमचं हे सगळं वेड वाटायचं, पण खोटं कशाला बोलू, भांडायला मजा यायची. मी शिवणकाम करणारी. माझं म्हणणं असायचं की तुम्हाला फक्त काढून टाकता येतं. मी सपाट कापड घेते, चार ठिकाणी टक्स घालते आणि त्यात जितंजागतं माणूस बसतं. तुम्ही म्हणायचात, "तुझं पोकळ, माझं भरीव." मी म्हणायचे, "बाईचं अंग तुमच्या पुस्तकातल्या कुठल्या आकारात बसतं, तेवढं सांगा." मग तुम्ही पाटीवर आकृत्या काढायचात, मी टेप नाचवायचे, आणि आमटी गार व्हायची. आता आमटी गरम असते आणि मला ती घशाखाली जात नाही.

हेही लिहायला हवं, नाहीतर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. घरातली उजेडाची खोली तुम्ही माझ्या मशीनला दिलीत आणि स्वतः मागच्या सोप्यात अंधुक जागेत बसलात. दिवाळीआधी ब्लाउजांचा ढीग पडला की शाळेतून येऊन तुम्ही हुक लावायला बसायचात. गणिताचा मास्तर, डाव्या हातात सुई, आणि तोंडात दोरा. कुणी आलं तर पटकन वर्तमानपत्र ओढून घ्यायचात मांडीवर. आष्ट्यातल्या निम्म्या बायका अजून तुम्ही लावलेले हुक लावतात आणि त्यांना ते माहीत नाही. शोकसभेला त्यातल्या कितीतरी आल्या होत्या.

तर आता त्या ठोकळ्याकडे येते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही जेवताना एकदम म्हणालात, "एक लाकडी ठोकळा घ्यायचा. त्याला आरपार भोक पाडायचं. आन् त्यातनं तेवढाच दुसरा ठोकळा पार करायचा. तेवढाच. आन् पयला तुटायचा न्हाई."

मी फळीवरच्या डब्यांकडे बोट केलं. "त्या डब्यात तेवढाच डबा जातो का कधी? आतला बारीकच लागतो."

"सरळ घातला तर न्हाई जात. ठोकळा कोपऱ्यावर उभा कर आन् वरनं बघ. मोठा दिसतो."

"कोपऱ्यावर उभा केला म्हणून वाढतो व्हय?"

"वाढत न्हाई गं. आपून त्याला आजवर बारक्या बाजूनंच बघत आलो."

मी म्हटलं, जमणारच नाही. पैज लावा. तुम्ही म्हणालात, लावली. पैशाची पैज तुम्हाला कधीच आवडायची नाही, म्हणून अट वेगळी ठरली. जो हरेल त्यानं हातातलं काम थांबवायचं, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं आणि म्हणायचं, मी चुकलो, किंवा मी चुकले. दोघांनाही ही अट महाग होती. साबणाच्या त्या रविवारपासून मी तुम्हाला हा शब्द दिला नव्हता, आणि तुम्ही तर उभ्या जन्मात कुणाला दिला नसेल.

शाळा उघडल्यावर तुम्ही शिक्षकांच्या खोलीतही हे बोललात आणि पाटील सर हसले. म्हणाले, आता कांबळे सर घराच्या दारातून घर काढणार. झालं. तुम्ही ते तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायचं ठरवून टाकलंत. माझ्याशी लावलेली पैज आता गावाशी लागली.

ठोकळा कोपऱ्यावर उभा राहीना, तेव्हा तुम्ही माझी बांगडी मागितलीत. टेबलावर बांगडी आडवी ठेवली, तिच्यात ठोकळ्याचं टोक खाली सोडलं, आणि तीन कडा बांगडीला टेकून तो कसा ताठ उभा राहिला. वरचं टोक बरोबर खालच्या टोकावर. मला कौतुक वाटलं, पण मी दाखवलं नाही. त्या खटाटोपात माझ्या किती बांगड्या फुटल्या! बांगडीवाली मला म्हणाली, "वैनी, भांडणं लय हुत्यात वाटतं." मी म्हटलं, "व्हय, रोज."

साबणाचा केला, तुटला. सुरणाचा केला, तुटला. भोक एवढं मोठं लागायचं की बाहेरच्या ठोकळ्याचं नुसतं वेडंवाकडं कडं उरायचं, आणि चार ठिकाणी ते इतकं पातळ व्हायचं की बोट लागलं तरी गळून पडायचं. मग तुम्हाला चांगलं लाकूड हवं झालं. मिरजेला सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत तुमचे दस्तगीरभाई. त्यांच्याकडे सतारीच्या दांडीतून उरलेले तुणीच्या लाकडाचे तुकडे मिळायचे. एसटीनं सांगली, तिथून सिटी बसनं मिरज, आणि येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लाकूड. घरभर तांबूस भुसा. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या ब्लाउजावर बसला, तो मी पुन्हा धुऊन, इस्त्री करून दिला आणि तुमच्या नावानं शंख केला.

आणि मग तुमचा हात दुखायला लागला.

डावा हात, खांद्यापासून कोपरापर्यंत. उजव्या हातानं कामं करणारा माणूस असता तर कुणीही म्हटलं असतं, डावा हात दुखतोय, छाती तपासा. पण तुम्ही डावखुरे. लाकूड घासायची कानस डाव्या हातात, पटाशी डाव्या हातात, त्यामुळे तुमच्याकडे उत्तर तयार होतं. "कानस मारून खांदा भरलाय." मी तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग एकदा तुम्ही नुसते रस्त्यावरून घराच्या पायऱ्या चढलात आणि कपाळाला घाम फुटलेला मी बघितला. थंडीचे दिवस होते. मी म्हटलं, हे कानशीचं दुखणं नाही, मिरजेला जाऊन डॉक्टरला दाखवा.

"कानशीचंच हाय."

"नाही."

"लावतीस पैज?"

"लावली. अट तीच."

तुम्ही हसलात आणि गुरुवारी रजा टाकलीत. मी डबा करून दिला. आजूबाजूच्या तीन जिल्ह्यांतले लोक जीव वाचवायला जिथे येतात, ज्या गावात चार पावलांवर एक दवाखाना आहे, त्या गावाला मी तुम्हाला सकाळच्या एसटीत बसवून दिलं.

संध्याकाळी परत आलात. काखेत लाकूड होतं. म्हणालात, येताना दस्तगीरकडून घेतलं. मी मशीनवर होते. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "डॉक्टर म्हनले, स्नायू धरलाय. शेक द्या. हरलीस तू."

मी पाय उचलला, मशीन थांबवलं, तुमच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, "चुकले."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. लाकडावरचा कागद सोडवायला लागलात. मला वाटलं, जिंकल्यावर लाजलात. मला इतकं हलकं वाटलं होतं की मी हरल्याचं वाईटही वाटलं नाही. त्या दिवसापासून मी रोज माझी इस्त्री तापवून, फडक्याची घडी गरम करून तुमच्या खांद्याला शेक देत होते. तुम्ही डोळे मिटून बसायचात आणि म्हणायचात, "लय बरं वाटतंय."

सोमवारी शाळेतून आलात, चहा घेतलात आणि सोप्यात बसलात. प्रदर्शन जवळ आलं होतं. मी आत एका लग्नाचे ब्लाउज शिवत होते. माझ्या मशीनचा आवाज आणि तुमच्या कानशीचा आवाज, दोन्ही चालू होते. एकदा तुम्ही ओरडून म्हणालात, "निम्मा गेला गं!" मी म्हटलं, "निम्म्याला निम्माच म्हणतात." मग कानशीचा आवाज थांबला. मी म्हटलं, मोजत असतील. तुम्ही मोजायला बसलात की बराच वेळ आवाज येत नसे. मी बाही जोडून संपवली, मग दुसरी घेतली.

तरी आवाज येईना म्हणून उठून सोप्यात आले. भिंतीला टेकून बसला होतात. मांडीवर ठोकळा आणि ठोकळ्यात निम्मा अडकलेला दुसरा ठोकळा. पाटील सरांनी जीप आणली. तुम्हाला मिरजेला नेलं. शेवटी गेलात मिरजेच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं, आणि मला कळलं.

पाचव्या दिवशी पुण्यानुमोदन होतं. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, सगळे जेवले. दस्तगीरभाई मिरजेहून आले होते. कोपऱ्यात बसून त्यांनी डोळे पुसले. जाताना माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "वैनी, गुरुवारी दुपारभर माझ्याकडंच हुते की सर. मला काय म्हाईत, शेवटची भेट हाय म्हणून."

मी म्हटलं, "दवाखान्यातून तुमच्याकडे आले असतील."

"न्हाई. फाटकापर्यंत गेले हुते. म्हनले, आत रांग लय हाय, तवर तुझ्याकडं बसतो. मग बसले. डबा खाल्ला, लाकूड निवडलं, तारा लावताना बघत बसले. दोनदा म्हनलं मी, जावा आता, रांग सरली आसंल. म्हनले, जातो, जातो."

भल्या माणसाला ठाऊकही नव्हतं तो काय बोलून गेला ते. मी त्यांना नमस्कार केला, दारापर्यंत सोडलं आणि मागच्या सोप्यात येऊन उभी राहिले.

अहो, तुम्ही मला फसवलंत. डॉक्टर काही म्हणालेच नव्हते. डॉक्टरांनी तुम्हाला बघितलंच नव्हतं. तो स्नायू, तो शेक, सगळं तुम्ही बसमध्ये बसून जुळवलंत, आणि वर मला हरवलंत. माझ्याकडून चुकले वदवून घेतलंत. मी मशीन थांबवून, तोंडाकडे बघून म्हटलं! आणि तुम्ही कागद सोडवत होतात. मी इस्त्री तापवून तुमच्या थापेला शेक देत होते. कुणी परक्यानं माझ्या तोंडाला अशी पानं पुसली असती तर मी त्याच्या दारात जाऊन तमाशा केला असता. तुमच्या दारात कसा करू? ते दार माझंच आहे.

भीती वाटली होती का तुम्हाला? फाटकापर्यंत जाऊन परत फिरलात ते भीतीनं ना? मग तसं सांगायचं. मी आले असते बरोबर. शिवणाचं काम पडलं असतं, पडू दे की. मी तुमच्या शेजारी रांगेत बसले असते आणि तुम्हाला तिथेही भांडायला विषय काढून दिला असता. पण भीती वाटते हे बायकोला सांगण्यापेक्षा तुम्हाला पैज जिंकणं सोपं वाटलं. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. मेल्याचाही येतो, पण याचा जास्त.

त्याच दिवशी पाहुणे गेल्यावर आक्का माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "बांगड्या काढ आता. लोक बघत्यात."

मी म्हटलं, "आक्का, आपल्या माणसांनी दीक्षा घेतली तेव्हा देव सोडले, उपास सोडले. हे तेवढं कुणी धरून ठेवलं?"

"आगं, रीत म्हणून. मी काय माझ्यासाठी सांगती व्हय?"

"ह्या बांगडीवर त्यांचा ठोकळा उभा राहतो. नाही काढायची."

आक्कांना वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. त्यांनी माझा हात धरला आणि त्याच रडायला लागल्या. मग मी त्यांना चहा करून दिला. त्यांचा भाऊ गेला होता, माझ्या रागात ते माझ्या ध्यानातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का साताऱ्याच्या गाडीनं गेल्या आणि घरात मी एकटी उरले. सोप्यात गेले. कुणीतरी तुमची कानस, पटाशी, पॉलिश पेपर सगळं नीट फळीवर ठेवलं होतं, आणि तो जोडठोकळा, एकात एक निम्मा अडकलेला. मी तो उचलला. माझ्या मनात एकच होतं. हेही खोटंच असणार. तो जाणारच नाही. दवाखान्याची थाप मारली तशी ही पण मारली. आज मी हे सिद्ध करणार आणि मग तुमचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवणार.

तुमची ती वर्गमुळं मला येत नाहीत. मला बेतता येतं. अडकलेला ठोकळा हलकेच मागे ओढून बाहेर काढला. पाटावर कागद पसरला, हातातली एक बांगडी काढून त्यावर ठेवली आणि तिच्यात ठोकळा टोकावर उभा केला, तुम्ही करायचात तसा. मग सुईत दोरा ओवला. ठोकळ्याच्या बाहेरच्या एकेका कोपऱ्याला दोरा टेकवायचा, खाली सुई लोंबत ठेवायची, ती स्थिर झाली की कागदावर जिथे तिचं टोक येईल तिथे खडूची खूण. तीन वरचे कोपरे झाले, तीन खालचे झाले. टोकाचे दोन मधेच आले, त्यांचं काही काम नव्हतं. ठोकळा उचलला आणि खुणा जोडल्या. सहा बाजूंचा आकार झाला, सहाही बाजू सारख्या. आणि तो मोठा होता. ठोकळ्याच्या तोंडापेक्षा दिसायला कितीतरी मोठा.

मग ठोकळ्याच्या एका तोंडाएवढा चौकोन दुसऱ्या कागदाचा कापला आणि त्या आकारावर ठेवला. एक कोपरा बाहेर आला. मला आनंद झाला, खरंच सांगते. म्हटलं, सापडलात. मग सवयीनं हात पुढे झाला. कापडावर बेत बसत नसला की आपण तो जरासा फिरवून बघतो, तसा मी तो चौकोन फिरवला.

बसला. चारी कोपरे आत. आणि बाहेर खडूच्या रेघेएवढी जागा चारी ठिकाणी शिल्लक.

बारक्या बाजूनंच बघत आलो, म्हणाला होतात. मग पॉलिश पेपर घेतला, बोटाला गुंडाळला आणि भोकाच्या आत जिथे लाकूड गुळगुळीत घासलेलं दिसत होतं, जिथे ठोकळा अडकला होता, तिथे हळूहळू फिरवायला लागले. पातळ जागी कडं थरथरायचं. श्वास धरायचा, दोनचारदा फिरवायचं, फुंकर मारायची, ठोकळा घालून बघायचा. पुन्हा काढायचा. शेजारच्या रेडिओवर बातम्या लागून संपल्या. पाय पसरून मांडीवर कडं धरलं होतं आणि वरून अंगठ्यानं ठोकळा दाबत होते. निम्म्याला तो थांबला. मग सुटला. माझ्याच डोळ्यांसमोर तो आत सरकला, खालून त्याचं तोंड बाहेर आलं.

मी ओरडले, "अहो, जातोय! जातोय बघा!"

घराकडे तोंड करून ओरडले. ठोकळा माझ्या मांडीवर पडला आणि हातात नुसतं कडं राहिलं, कुठेही न तुटलेलं. आतून कुणी आलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं, अहो. दवाखान्यात आलं नव्हतं, पुण्यानुमोदनाला आलं नव्हतं. कडं मांडीवर ठेवून मी मोठ्यानं रडले आणि रडता रडता तुम्हाला शिव्या दिल्या. शेजारीण कुंपणावरून डोकावून गेली.

दुपारी पाटील सरांना निरोप पाठवून बोलावलं. त्यांच्यासमोर ठोकळा पार करून दाखवला. त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा केला, मग उलट बाजूनं केला. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. म्हणाले, "वैनी, मी सरांना हसलो हुतो. सर जिंकले की." मी म्हटलं, प्रदर्शनात ठेवा, पण पातळ जागेला पोरांना हात लावू देऊ नका. त्यांनी तो रुमालात गुंडाळला आणि दोन्ही हातांत धरून नेला.

ठोकळ्याची पैज मी हरले. अटीप्रमाणे मला चुकले म्हणायचं आहे. पण ते मी म्हणून बसलेय, त्या गुरुवारी, तुमच्या थापेवर. तुम्ही ते माझ्याकडून आधीच काढून घेतलंत. तेच इकडे धरा. ठोकळ्याच्या बाबतीत तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं, आणि ते मी तुमच्या तोंडाकडे बघून म्हटलेलं आहे. मी माझ्या शब्दाला जागले.

आता खांद्याची पैज उरली. ती तुम्ही हरलात. कानशीचं दुखणं नव्हतं ते. आणि अट दोघांना सारखी होती. काम तर तुमचं थांबलेलंच आहे. फोटो मी भिंतीकडे फिरवलेला नाही, माझ्याकडेच तोंड आहे त्याचं. यावेळी कागद सोडवायच्या निमित्तानं नजर चुकवायची नाही. त्या सोमवारी तुमच्या कानशीचा आवाज बंद झाला तेव्हा माझं मशीन चालू होतं. आज तसं नाही.

मशीन थांबवलंय मी. म्हणा.